फायटिंग गेममध्ये खेळ कसा सुधारायचा? लोकल टुर्नामेंट आणि सरावाची संपूर्ण माहिती



टेकन किंवा स्ट्रीट फायटर खेळणाऱ्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असा असतो, ज्याला ग्रुपमधलं कुणीच हरवू शकत नाही. हाच भिडू पहिल्यांदा एखाद्या लोकल टुर्नामेंटला जातो आणि तासाभरात दोन मॅच हरून बाहेर पडतो. पुढे दोनच शक्यता असतात. एक तर तो पुढच्या महिन्यात परत येतो, नाहीतर पुन्हा कधीच दिसत नाही. मी गेली काही वर्षं अशा छोट्या टुर्नामेंटमध्ये खेळतोय, अधूनमधून ब्रॅकेट सांभाळायलाही बसतो. माझ्या पाहण्यात न परतणारेच जास्त आहेत. त्यांच्यात दम नव्हता असं अजिबात नाही. हरल्यावर घरी जाऊन नेमकं काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

आजच्या लेखात आपण तेच पाहणार आहोत. फायटिंग गेममध्ये फ्रेम म्हणजे काय, लोकल टुर्नामेंट कशी चालते, ती कुठे शोधायची, सराव कसा करायचा आणि या सगळ्यात तुमच्या खिशातला मोबाइल कुठे कामाला येतो, हे सगळं एकेक करून समजून घेऊया.

फायटिंग गेम म्हणजे काय?

दोन खेळाडू, दोन कॅरॅक्टर आणि समोरासमोर लढत. बॅटल रॉयलमध्ये टीम असते, नकाशा असतो, चांगली बंदूक सापडण्याचं नशीब असतं. फायटिंग गेममध्ये यातलं काहीच नसतं. जिंकलात तर तुमच्यामुळे, हरलात तरी तुमच्यामुळेच. म्हणूनच या गेममधली हार जरा जास्त लागते.

आज आपण ज्याला फायटिंग गेम म्हणतो त्याचा साचा १९९१ मध्ये आलेल्या स्ट्रीट फायटर २ ने घालून दिला. सध्या मुख्य प्रकार तीन:

१. टू-डी गेम: पुढे, मागे आणि वर उडी. उदाहरणार्थ, २०२३ मध्ये आलेला स्ट्रीट फायटर ६.
२. थ्री-डी गेम: यात बाजूला सरकून वार चुकवता येतो. उदाहरणार्थ, २०२४ मध्ये आलेला टेकन ८.
३. प्लॅटफॉर्म फायटर: समोरच्याला स्टेजच्या बाहेर फेकायचं. उदाहरणार्थ, ब्रॉलहाला. हा गेम फुकट आहे, मोबाइलवर चालतो आणि मोबाइलवाला थेट पीसी किंवा कन्सोलवाल्याशी खेळू शकतो.

फ्रेम म्हणजे काय?

हा भाग नीट वाचा, कारण पुढचं बरंच काही यावर उभं आहे.

बहुतेक फायटिंग गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतात. त्यातलं एक चित्र म्हणजे एक फ्रेम. म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. तुमचा फोन १२० हर्ट्झचा असला तरी गेमचं हे घड्याळ ६० वरच चालतं, त्यामुळे महागड्या स्क्रीनने तुमचा ठोसा लवकर पोहोचत नाही.

प्रत्येक वाराचे तीन भाग असतात. आधी वार सुरू होऊन लागेपर्यंतचा वेळ, मग वार लागू शकतो तो वेळ आणि शेवटी हात परत जागेवर येण्याचा वेळ. टेकनमधला सर्वात वेगवान साधा ठोसा १० फ्रेममध्ये लागतो. स्ट्रीट फायटर ६ मधले सर्वात वेगवान साधे वार ४ फ्रेमचे आहेत.

आता गंमत बघा. समजा टेकनमध्ये तुम्ही समोरच्याची एक मूव्ह ब्लॉक केली. त्या मूव्हच्या माहितीत ब्लॉकवर उणे १० असं लिहिलेलं आहे. याचा अर्थ समोरचा तुमच्यापेक्षा १० फ्रेम उशिरा मोकळा होतो. तुमचा ठोसाही १० फ्रेमचाच. मग तो ठोसा लागणारच, समोरच्याला काही करता येत नाही. फक्त तुमचा हात तिथवर पोहोचला पाहिजे. याला पनिश म्हणतात. "तो तीच मूव्ह सारखी सारखी मारतो यार" ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. त्या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा या एका आकड्यात असतं.

दुसरं उदाहरण घेऊ. स्ट्रीट फायटर ६ मध्ये ड्राइव्ह इम्पॅक्ट नावाचा जोरदार वार आहे. तो लागायला २६ फ्रेम घेतो, म्हणजे साधारण ४३३ मिलिसेकंद. डोळ्यांनी काही दिसल्यावर बटण दाबायला माणसाला अंदाजे २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम. हिशोबाने बघितलं तर हा वार बघून आपला ड्राइव्ह इम्पॅक्ट मारायला भरपूर वेळ आहे. तरीही तो लागतो. कारण त्या क्षणी आपण उडीची वाट बघत असतो किंवा आपल्याच कॉम्बोचा विचार करत असतो. म्हणजे बोटांपेक्षा लक्षाची अडचण मोठी असते, आणि लक्ष कुठे ठेवायचं याचाही सराव करता येतो.

ऑनलाइन रँक असताना लोकल टुर्नामेंट कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. ऑनलाइन खेळणं वाईट नाही, रोजच्या सरावासाठी ते हवंच. पण तिथे तीन गोष्टी मिळत नाहीत.

पहिली गोष्ट, नेटची. आजचे चांगले गेम रोलबॅक पद्धत वापरतात. समोरच्याचं बटण नेटवरून पोहोचेपर्यंत गेम अंदाज बांधून पुढे जातो आणि अंदाज चुकला की क्षणात मागे येऊन चित्र दुरुस्त करतो. ही पद्धत लोकप्रिय करणारं जीजीपीओ हे सॉफ्टवेअर टोनी कॅनन यांनी बनवलं, आणि अमेरिकेतल्या इव्हो या प्रसिद्ध टुर्नामेंटच्या संस्थापकांमध्येही ते आहेत. पद्धत कितीही चांगली असली तरी खराब नेटवर वाराच्या सुरुवातीच्या काही फ्रेम दिसतच नाहीत. एकाच स्क्रीनसमोर बसलं की हा प्रश्नच उरत नाही आणि "लॅग होता" हे कारणही उरत नाही.

दुसरी गोष्ट, सवयी वाचण्याची. रँकमध्ये दोन-तीन गेम झाले की समोरचा निघून जातो. लोकलला तोच माणूस संध्याकाळभर शेजारी बसलेला असतो. त्याच्याशी दहा विजयांपर्यंतची लांब लढत खेळता येते. पहिल्या तीन गेममध्ये चाललेली तुमची युक्ती सातव्या गेमला बंद पडते, आणि तिथून खरं शिकणं सुरू होतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. हरल्यावर तुम्ही विचारू शकता, "दादा, मला नक्की कुठे पकडत होतास?" मी आजवर हा प्रश्न विचारल्यावर कुणी उत्तर नाकारलेलं पाहिलं नाही. बहुतेक जण तर कंट्रोलर हातात घेऊन करूनच दाखवतात.

याचं मोठं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. लाहोरचा अर्सलान ॲश २०१९ च्या फेब्रुवारीत इव्हो जपानला गेला आणि टेकन ७ मध्ये पहिला आला. त्याच वर्षी अमेरिकेतला इव्होही त्याने जिंकला, तोही अंतिम फेरीत दक्षिण कोरियाच्या नी या दिग्गजाला हरवून. तोपर्यंत टेकन म्हणजे कोरिया आणि जपान असंच समीकरण होतं. आपल्या देशात असे तगडे खेळाडू आणखी आहेत, असं अर्सलान सांगत होता. नी स्वतः त्यांच्याशी खेळायला पाकिस्तानात गेला, तेव्हा त्या बोलण्यात तथ्य असल्याचं जगाला कळलं. पुढे २०२३ आणि २०२४ मध्येही अर्सलानने इव्हो जिंकला. मोठे प्रायोजक किंवा भारी सेटअप हे त्यांचं बळ नव्हतं. एकमेकांना रोज हरवणारी, शिकवणारी माणसं एकाच शहरात होती.

टुर्नामेंट कशी चालते?

बहुतेक लोकल टुर्नामेंट डबल एलिमिनेशन पद्धतीने होतात. म्हणजे दोनदा हरलात की बाहेर. पहिली हार झाली की तुम्ही विनर्स बाजूकडून लूजर्स बाजूला जाता आणि तिथून खेळत खेळत अंतिम फेरीपर्यंत परत येऊ शकता. लूजर्समधून आलेल्याला अंतिम फेरीत दोन सेट जिंकावे लागतात, कारण विनर्सवाला अजून एकदाही हरलेला नसतो.

एक सेट साधारणपणे तीन गेमचा असतो, दोन जिंकले की सेट तुमचा. शेवटच्या आठ खेळाडूंपासून बऱ्याच ठिकाणी पाच गेमचा सेट होतो. गेम जिंकणाऱ्याने सहसा आपलं कॅरॅक्टर बदलायचं नसतं, हरणाऱ्याला बदलायची मुभा असते.

नवीन मुलं ज्यात हमखास अडकतात असे काही नियम:

१. कंट्रोलर आपला आपण न्यायचा. शक्यतो वायरचा.
२. मॅच चालू असताना पॉज बटण दाबलं गेलं तर तो राउंड हातचा जाऊ शकतो. सेटिंगमध्ये ते बटण आधीच बंद करून ठेवा.
३. ब्लूटूथ कंट्रोलर असेल तर खेळून झाल्यावर त्या कन्सोलवरून तो अनपेअर करा. नाहीतर तुम्ही बॅगेत कंट्रोलर कोंबता, बटण दाबलं जातं आणि दुसऱ्याच दोघांच्या मॅचमध्ये पॉज लागतो.
४. बटणांची मांडणी मॅचच्या आधी तपासा. गेम सुरू झाल्यावर तक्रार चालत नाही.
५. नाव पुकारलं की हजर राहा. उशीर झाला की सामना समोरच्याला बहाल होतो.

टुर्नामेंट शोधायची कुठे?

स्टार्ट डॉट जीजी या साइटवर आपल्या शहराचं आणि गेमचं नाव टाकून बघा. बहुतेक गेमचे भारतीय खेळाडू डिस्कॉर्डवर भेटतात, तिथे शहरानुसार ग्रुप विचारा. जवळच्या गेमिंग कॅफेवाल्याला विचारा. इंजिनिअरिंग कॉलेजच्या फेस्टमध्येही टेकन अनेकदा असतो.

तुम्ही मोठ्या शहरापासून लांब राहता? मग आठ जण जमवा आणि आपणच सुरू करा. आठ खेळाडूंच्या डबल एलिमिनेशनमध्ये १४ किंवा १५ सेट होतात. एका सेटला दहा मिनिटं धरली तरी एका टीव्हीवर अडीच तासांत सगळं आटोपतं. ब्रॅकेट मोबाइलवर चॅलाँज साइटवर फुकट बनतो. बक्षीस म्हणून हरलेल्यांकडून वडापाव ठेवलात तरी लोक जीव तोडून खेळतात. स्वतःचा अनुभव सांगतो, गाव लहान आहे ही अडचण आठ जण जमेपर्यंतच असते.

सराव कसा करायचा?

माझं साधं सूत्र आहे: काय शिकायचं ते टुर्नामेंट सांगते, ते शिकायचं मात्र घरी. ट्रेनिंग मोडमध्ये तास-तास मोठे कॉम्बो घोटणारे खूप आहेत. पण तो कॉम्बो सुरू करायला आधी एक ठोसा लागावा लागतो, आणि सेट तर तुम्ही समोरच्याच्या उड्या अडवता न आल्यामुळे हरलेले असता. म्हणून या पाच पायऱ्या वापरा.

पहिली पायरी: सेट हरल्यावर पाच मिनिटांच्या आत फोनच्या नोट्समध्ये तीन ओळी लिहा. कोणाशी हरलो, कोणत्या कॅरॅक्टरशी हरलो आणि कोणत्या एका गोष्टीने सर्वात जास्त मार बसला. "मी घाबरलो" असं लिहू नका, त्याचा सराव करता येत नाही. "उडी मारून आला की मी फक्त ब्लॉक करत होतो" असं लिहा, त्याचा करता येतो.

दुसरी पायरी: रिप्ले बघा. स्ट्रीट फायटर ६ च्या रिप्लेमध्ये दोघांची बटणं आणि फ्रेमची माहिती दिसते. टेकन ८ मध्ये तर रिप्ले मध्येच थांबवून तिथून स्वतः खेळून बघता येतं. ज्या ठिकाणी मार बसला तिथे वेगळं काय चाललं असतं, ते लगेच करून पाहा.

तिसरी पायरी: ट्रेनिंग मोडमध्ये डमीला तीन गोष्टी शिकवा. एक, नुसतं पुढे चालत येणं. दोन, उडी मारून लाथ. तीन, ड्राइव्ह इम्पॅक्ट. मग या तिन्ही गोष्टी मागेपुढे, कोणत्याही क्रमाने चालू द्या. आता चालत आला तर साधा वार, उडी आली तर अँटी-एअर, ड्राइव्ह इम्पॅक्ट आला तर आपला ड्राइव्ह इम्पॅक्ट. एकच गोष्ट येणार हे माहीत असेल तर ती कुणीही अडवतो. पुढे काय येणार हे माहीत नसताना अडवता येणं, हा खरा सराव.

चौथी पायरी: ऑनलाइन किंवा मित्राशी खेळताना जिंकणं मोजू नका. आज दहा उड्या आल्या, त्यातल्या किती अडवल्या, एवढंच मोजा. दहापैकी दोनवरून सहावर गेलात आणि सगळे गेम हरलात, तरी तो दिवस तुमचाच.

पाचवी पायरी: परत टुर्नामेंटला जा. या वेळी दुसऱ्या कशाने हराल. छान! वहीत नवी ओळ आली.

रोज अर्धा तास पुरतो. पहिली दहा मिनिटं हात मोकळे करायला, पुढची दहा फक्त त्या आठवड्याच्या एका गोष्टीला आणि शेवटची दहा खऱ्या मॅचला. रविवारी चार तास सलग खेळण्यापेक्षा हे जास्त टिकतं. आणि एकच कॅरॅक्टर धरा. हरलं की कॅरॅक्टर बदलणाऱ्याची वही कायम पहिल्याच पानावर राहते.

मोबाइल कुठे कामाला येतो?

१. फ्रेमची माहिती: फ्रेम असिस्टंट टूल नावाचं ॲप मूव्हचे आकडे दाखवतं. दोन मॅचच्या मधल्या वेळात बघायला उत्तम.
२. शूटिंग: मागे उभ्या मित्राला तुमचा सेट स्क्रीन आणि हात दोन्ही दिसतील असा शूट करायला सांगा. स्लो मोशनमध्ये बघितलं की बटण उशिरा दाबलं की चुकीचं दाबलं, हे लगेच कळतं.
३. नेट: ऑनलाइन खेळताना मोबाइलचा हॉटस्पॉट शक्यतो टाळा. वेग चांगला दिसला तरी पिंग सतत वरखाली होतो. घरी वायफाय असेल तर राउटरपासून थेट वायर जोडा.
४. फक्त मोबाइलच असेल तर: ब्रॉलहाला टाका आणि जमल्यास वायरचा कंट्रोलर ओटीजीने जोडून बघा. सगळे कंट्रोलर सगळ्या फोनवर चालत नाहीत, त्यामुळे घेण्याआधी मित्राचा लावून पाहा.

०-२ झालो, आता काय?

एकही सेट न जिंकता बाहेर पडणं याला खेळाडू ०-२ म्हणतात. बरेच जण खेळ सोडतात ते याच टप्प्यावर. म्हणून मी प्रत्येक नवीन खेळाडूला हा हिशोब कागदावर करून दाखवतो.

सोळा जणांचा डबल एलिमिनेशन घ्या. पहिल्या फेरीत आठ सामने होतात, आठ जण हरतात. ते आठ जण लूजर्समध्ये एकमेकांशी भिडतात. त्यातले चार पुन्हा हरतात आणि ०-२ ने घरी जातात. बत्तीस जण असतील तर आठ. म्हणजे सगळे हजर असतील तर दर चारातला एक जण ०-२ होणारच. सोळाच्या सोळा खेळाडू जगातले सर्वोत्तम असले तरी त्यातले चार ०-२ होतील! हा निकाल ब्रॅकेटच्या रचनेतच आहे. तुमची लायकी त्यावरून ठरत नाही.

आणि मोठे खेळाडूही हरतात. इव्हो २००४ मध्ये जपानच्या दाइगो उमेहाराने अमेरिकेच्या जस्टिन वाँगची चुन-लीची अख्खी सुपर मूव्ह एकेक वार अडवत परतवली. त्याच्याकडे तेव्हा जेमतेम आयुष्य शिल्लक होतं, एक वार ब्लॉक केला असता तरी तो संपला असता. फायटिंग गेमच्या इतिहासातला तो सर्वात प्रसिद्ध क्षण मानला जातो. पण तो सामना लूजर्स फायनलचा होता, आणि त्यानंतरच्या अंतिम फेरीत दाइगो हरला. हे फार कमी जणांना आठवतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फाइट स्टिक घ्यावीच लागते का?
नाही. कन्सोलसोबत येणाऱ्या साध्या कंट्रोलरवर खेळणारे अव्वल खेळाडू आहेत. आधी वर्षभर खेळा, मग ठरवा.

माझं वय जास्त आहे, जमेल का?
हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये स्ट्रीट फायटर ५ साठी पदकं होती आणि भारताचेही दोन खेळाडू त्यात उतरले होते. सुवर्णपदक जिंकणारा दक्षिण कोरियाचा किम ग्वान-वू तेव्हा ४४ वर्षांचा होता.

घरचे ओरडतात, काय करू?
अभ्यास किंवा नोकरी सोडून यात उडी घेऊ नका, यातून पोट भरणारे जगातही मोजकेच आहेत. रोजचा अर्धा तास आणि महिन्यातून एक टुर्नामेंट, एवढ्यात खेळ सुधारतो.

किती दिवसांत फरक दिसेल?
दिवस मोजू नका, वहीतल्या ओळी मोजा. तीन टुर्नामेंटनंतर पहिली ओळ परत वाचा. ज्या गोष्टीने तेव्हा हरला होता, त्यानेच आजही हरत असाल तर सराव बदला. दुसऱ्या कशाने हरत असाल, तर खेळ सुधारतोय.

तर मित्रांनो, या महिन्यात जवळची एक टुर्नामेंट शोधा, नाव नोंदवा आणि जाताना कंट्रोलरसोबत फोनमध्ये एक रिकामी नोट तयार ठेवा. आणि तुमच्या ग्रुपमधल्या त्या कधीच न हरणाऱ्या भिडूलाही सोबत न्या. त्याला याची जास्त गरज आहे!